योगवर्ग घ्यायचाय? आधी वर्षभर मागच्या रांगेत बसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४१, नागपुरात मनीषनगरला घर, चौदा वर्षं शाळेत गणित शिकवलंत, सहा वर्षांपासून नेमाने आसनं-प्राणायाम करताय आणि आता शाळा सोडून योगशिक्षिका व्हावंसं वाटतंय. कोर्स कोणता करू, यात घर चालेल का, आणि शेवटी जरा चाचरत विचारलंय, 'यात समाधान खरंच मिळतं, की तेही चार वर्षांत शाळेसारखंच होऊन जातं?'

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते. पहिल्या दोनांची उत्तरं कुणीही देईल.

होतं. शाळेसारखंच होतं. माझं तिसऱ्याच वर्षी झालं होतं. पहाटे पावणेपाचला गजर वाजला की अंगावर काटा यायचा. तेच ताडासन, तेच 'श्वास घेत दोन्ही हात वर', त्याच काकू त्याच कोपऱ्यात, आणि शवासनात कुणाचा तरी फोन वाजणार हेही ठरलेलं. मी बावीस वर्षं शिकवते आहे. प्रतापनगरच्या बाजूला एका समाजभवनात सकाळचा वर्ग, शिवाय आठवड्यातून चार दिवस लोकांच्या घरी जाऊन. पण त्यातली पहिली तीन-साडेतीन वर्षं मी शिकवत होते असं आज म्हणवत नाही. मी माझी आसनं लोकांसमोर करत होते आणि लोक ती बघून आपापल्या परीने करत होते. हलासनात, म्हणजे पाठीवर झोपून पाय डोक्यामागे नेताना, माझे पाय सहज टेकायचे, कौतुक व्हायचं, त्या कौतुकावर दोन वर्षं निघाली. तिसऱ्या वर्षी कौतुक करणारेही सवयीचे झाले आणि मग कंटाळा आला.

त्याच सुमारास एक वाईट गोष्ट घडली, माझ्या हातून. वर्गात एक काका यायचे, बँकेतून निवृत्तीला आलेले, अंगाने सडसडीत, अतिशय आज्ञाधारक. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पुढे ताणून बसून वाकताना, त्यांचे हात पावलांपर्यंत पोहोचायचे नाहीत. मी मागून गेले, पाठीवर दोन्ही तळवे ठेवले, 'श्वास सोडा काका' म्हटलं आणि दाबलं. हात पोहोचले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सौभाग्यवतींचा फोन आला की त्यांना पलंगावरून उठवत नाही. सहा आठवडे ते झोपून होते. मी भेटायला गेले तर उलट तेच माझी समजूत काढत होते, "मॅडम, तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिल्या? मीच जास्त जोर केला." ते चिडले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी पुस्तकं काढून बसले. जे कळलं ते मला आधीच माहीत असायला हवं होतं. खुर्चीत तीस वर्षं बसलेल्या माणसाच्या मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतात. हे स्नायू बैठकीच्या हाडापासून गुडघ्याच्या खालपर्यंत जातात. पाय सरळ ताणून बसलं की ते ओटीपोटाच्या हाडांच्या सांगाड्याला मागे खेचून धरतात, तो पुढे कलू शकत नाही. मग पुढे वाकण्याचं सगळं काम कंबरेच्या मणक्यांवर येतं, तिथे गोल पाठ होते आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर पुढच्या बाजूने दाब वाढून त्या मागे सरकू पाहतात. अशा वेळी वरून आणखी कुणी दाबलं तर काय होणार? काकांना मी बसायला दोन घड्या घातलेली सतरंजी द्यायला हवी होती, गुडघे खुशाल वाकवा म्हणायला हवं होतं. हात पावलांना लागले काय नि पोटऱ्यांना लागले काय, कंबर लांब राहिली की आसन झालं. पण मला हात पोहोचलेले हवे होते, कारण माझे पोहोचत होते.

त्यानंतर मी कुणाच्याही पाठीला दाब दिलेला नाही. हात लावायचाच तर विचारून, आणि तोही दिशा दाखवण्यापुरता, दोन बोटांनी.

आता समाधानाकडे येते. त्या प्रसंगानंतर भीतीपोटी मी एक गोष्ट सुरू केली. वर्गातल्या एका जाणत्या मुलीला समोर बसवून आसन तिला करायला लावायचं आणि मी रांगांमधून फिरायचं. पहिल्या आठवड्यात मला काही दिसलंच नाही, फक्त चुका दिसल्या. हा पाय वाकडा, तो हात खाली. मग हळूहळू माणसं दिसायला लागली. भुजंगासनात एकाचा जबडा आवळलेला असतो. दुसऱ्याच्या पायाची बोटं चटईत रुतलेली असतात. तिसरीचं सगळं बरोबर दिसतं, पण तिने श्वास रोखून धरलेला असतो, फासळ्या हलत नाहीत. कुणी डावा खांदा कानाला लावल्यासारखा वर ओढून धरतं, विचारलं तर कळतं वीस वर्षं त्या खांद्यावर पर्स आहे. पतंजलींचं 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे आसन स्थिर आणि सुखाचं असावं, हे मी परीक्षेत अर्थासह लिहून गुण मिळवले होते. पण वर्गात मी बघत होते फक्त स्थिर आहे की नाही ते. सुख आहे की नाही हे कपाळावर आणि पायाच्या बोटांत दिसतं, आणि ते बघायला मान वळवावी लागते, स्वतः आसनात असताना ते जमत नाही.

ज्या दिवसापासून बघायला लागले त्या दिवसापासून कंटाळा गेला. हे मी वाढवून सांगत नाहीये. तेच ताडासन अठरा माणसं अठरा तऱ्हेने करतात आणि सोमवारचं ताडासन गुरुवारी वेगळं असतं. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाची रात्रपाळी झाली आहे, हे न सांगता खांद्यांवर वाचता येतं. तुम्ही गणित शिकवता, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर जमेल. मुलाचं चुकलेलं उत्तर बघून त्याने हातचा कुठे सोडला हे तुम्हाला कळतं ना? इथेही तेच काम आहे, फक्त वही अंगावर घातलेली असते.

म्हणून माझा पहिला सल्ला: कोर्सला नाव घालायच्या आधी एखाद्या चांगल्या शिक्षकाच्या वर्गात वर्षभर मागच्या रांगेत बसा. आठवड्यातून निदान दोन दिवस स्वतः काहीही करू नका. त्यांची परवानगी घेऊन कोपऱ्यात बसून नुसतं लोकांकडे बघा आणि घरी जाऊन वहीत लिहा. आज पाच जणांपैकी कुणाचा श्वास कुठे अडला. मला हे कुणी सांगितलं असतं तर एका भल्या माणसाची कंबर वाचली असती.

बोलण्याविषयीही थोडं सांगते, कारण नव्या शिक्षकांचे वर्ग मी अधूनमधून बघते आणि बहुतेकांचं इथेच बिघडतं. सूचना देताना आधी कुठला अवयव, मग कुठे न्यायचा, मग श्वास, असा क्रम ठेवा. 'उजवा पाय, गुडघ्यात वाकवून, छातीकडे, श्वास सोडत.' संस्कृत नाव आसन झाल्यावर सांगितलं तरी चालतं. पवनमुक्तासन म्हटल्यावर नवीन माणूस चार सेकंद शेजारच्याकडे बघतो. वर्गाकडे तोंड करून करणार असाल तर तोंडाने उजवा म्हणत स्वतः डावा पाय उचलायची सवय लावून घ्या, आरशासारखी. पहिले पंधरा दिवस तारांबळ उडते. आणि शब्द आपले वापरा. चवडा, टाच, पोटरी, खुबा, माकडहाड. 'आपली जागरूकता मूलाधाराकडे न्या' म्हटलं की सक्करदऱ्याहून येणारे आमचे एक भाऊ डोळे उघडून माझ्याकडे बघतात. माकडहाड म्हटलं की बरोबर जागी लक्ष जातं. शिवाय एक लक्षात ठेवा, सतत दाखवत राहिलात तर तुमचं स्वतःचं शरीर एका बाजूने जास्त वापरलं जातं. माझा डावा खुबा आजही त्याची साक्ष देतो.

एक काकू आमच्याकडे नऊ वर्षं येतात. सुरुवातीला त्या फक्त शेवटची वीस मिनिटं यायच्या. आल्या की कूलरसमोर चटई टाकायची आणि आडवं व्हायचं. मी एक-दोनदा म्हटलं, थोडं आधी या, हलकं काहीतरी करू. त्या म्हणाल्या, "मी आसनं कराले नाही येत बाई, झोपाले येतो." वर्गात हशा. त्या खरोखर घोरायच्या. लोकांनी तक्रार केली आणि मीही त्यांना जरा तोडूनच बोलले. पुढे महिन्याभराने कुणाकडून तरी कळलं की घरी यजमान अर्धांगाने पडून आहेत, रात्रीतून तीन-चारदा त्यांना कूस बदलून द्यावी लागते, आणि सकाळी मुलगा कामावर जाण्याआधी वीस मिनिटं वडिलांजवळ बसतो. ती वीस मिनिटं या बाई माझ्याकडे आणत होत्या. मी त्या दिवसापासून शवासन दहाची पंधरा मिनिटं केलं. यजमान गेले, त्यालाही आता चार वर्षं झाली. काकू अजून येतात, अजून आसनं करत नाहीत.

कूलरचा विषय निघालाच आहे तर नागपूरच्या उन्हाळ्याचं सांगून टाकते, हे कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, भिंती रात्रभर तापलेल्या राहतात आणि पहाटे सहालाही सभागृहात वाफ असते. आम्ही एप्रिल ते जून वर्ग सव्वापाचला सुरू करतो, जानेवारीत सव्वासहाला. उन्हाळ्यात सूर्यनमस्कार कमी, भस्त्रिका जवळजवळ बंद, कपालभातीची आवर्तनं निम्मी, आणि त्यांच्या जागी शीतली, सीत्कारी, चंद्रभेदन हे थंडावा देणारे प्राणायाम. आणि कूलर! आपल्याकडचा लोखंडी कूलर सुरू असला की शेवटच्या रांगेला शिक्षकाचा शब्द ऐकू येत नाही. मी वर्षभर ओरडून शिकवलं आणि घसा बसला, डॉक्टरांनी दोन आठवडे बोलणं बंद करायला सांगितलं. आता वर्गाच्या आधी अर्धा तास कूलर लावून ठेवते आणि सूचना देताना बंद करते. शवासनात पुन्हा सुरू, त्या घरघरीत लोकांना छान झोप लागते.

आता कोर्स. भारतात योग शिकवण्यासाठी डॉक्टर-वकिलांसारखा कायद्याने परवाना लागत नाही, म्हणजे उद्या सकाळी तुम्ही फलक लावलात तर कुणी अडवणार नाही. यात सोय आहे आणि धोकाही. केंद्रीय आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतलं योग सर्टिफिकेशन बोर्ड परीक्षा घेतं. पहिली पायरी योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, दुसरी योग वेलनेस इन्स्ट्रक्टर, पुढे टीचर आणि मास्टर. पहिलीचा अभ्यासक्रम साधारण २०० तासांचा, दुसरीचा ४०० तासांचा. लेखीपेक्षा प्रात्यक्षिकाला गुण जास्त असतात, त्यात शिकवून दाखवावंही लागतं. सरकारी आरोग्य केंद्रं किंवा शाळांमध्ये जागा निघाल्या की अशा प्रमाणपत्रांची किंवा विद्यापीठाच्या पदविकेची विचारणा होते. तुमची गणिताची पदवी आणि बी.एड. आहेच. रामटेकच्या कवि कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठात योगशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत. बाहेर राहून शिकायची तयारी असेल तर लोणावळ्याचं कैवल्यधाम आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ते काढलं आणि आसन-प्राणायामाने शरीरात नेमकं काय होतं हे प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. गणिताच्या माणसाला ते वातावरण मानवेल असं मला वाटतं.

ऋषिकेशला जाऊन चार आठवड्यांत 'दोनशे तासांचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र' आणणाऱ्यांपैकी काही जण माझ्याकडे नंतर येतात. ही प्रमाणपत्रं ज्या योग अलायन्सच्या नावावर दिली जातात ती अमेरिकेतली खासगी नोंदणी संस्था आहे, सरकारी मान्यता नव्हे, एवढं ध्यानात ठेवून जायचं तर जा. परदेशात शिकवायचं असेल तर त्या नोंदणीचा उपयोग होतो. पण अठ्ठावीस दिवसांत एक सूर्यनमस्कार नीट शिकून होत नाही, ही माझी अडाणी समजूत आहे आणि ती मी बदलणार नाही.

आणि नागपुरात राहून रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाचं नाव न घेणं बरं दिसणार नाही. स्वामींनी १९५१ मध्ये ते सुरू केलं. शहरभर त्यांचे वर्ग चालतात, विनामूल्य. शिक्षक मानधन न घेता शिकवतात. मी स्वतः आसनं पहिल्यांदा तशाच एका वर्गात शिकले, देवळाच्या मांडवात. स्वामींचा श्लोक तुम्हीही ऐकला असेल, 'समाधानाय सौख्याय निरोगत्वाय जीवने, योगमेवाभ्यसेत् प्राज्ञः यथाशक्ति निरंतरम्'. त्यातला क्रम बघा. समाधान पहिलं, सुख दुसरं, रोग न होणं तिसरं. आजकालचे फलक बरोबर उलटे असतात, मधुमेह, पाठदुखी, वजन आणि कुठेतरी खाली बारीक अक्षरात मनःशांती. माझ्या अनुभवात लोक कंबरदुखीसाठी येतात, ती दोन महिन्यांत कमी होते, आणि मग जे थांबतात ते दुसऱ्याच कशासाठी तरी थांबतात. विचारलं तर त्यांना सांगता येत नाही. मीही खोदून विचारत नाही.

या विनामूल्य परंपरेमुळेच तुमचा दुसरा प्रश्न नागपुरात जरा अवघड होतो. पुण्या-मुंबईत फी सांगितली की लोक ती देतात किंवा देत नाहीत. इथे लोक चकित होतात. 'योगाचे पैसे?' माझ्या पहिल्या वर्गाला मी महिना दीडशे रुपये ठेवले होते, तर एका आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ताई, घरी काही अडचण आहे का?" मी पुष्कळ वर्षं याचा संकोच केला. कुणाचे माफ कर, कुणाचे अर्धे घे, कुणाची फी तीन महिने थकली तरी गप्प बस. मग त्या थकलेल्या माणसाला पुढच्या रांगेत बघून मनात हिशेब चालायचा आणि आसनात त्याच्याकडे लक्षच द्यावंसं वाटायचं नाही. हे फार वाईट. शेवटी मी सरळ दोन वाटण्या केल्या. समाजभवनातला सकाळचा वर्ग पूर्ण विनामूल्य, तिथे दानपेटीसुद्धा नाही. संध्याकाळचा छोटा वर्ग आणि घरच्या शिकवण्या पूर्ण फी घेऊन, महिन्याच्या पाच तारखेच्या आत, सवलत नाही. ज्याला परवडत नाही त्याने सकाळी यावं, तिथे मी तितक्याच जीव लावून शिकवते. तेव्हापासून माझं डोकं शांत आहे. तुम्ही वेगळं काही करा, पण अर्धवट फुकट ठेवू नका.

हिशेबाचं म्हणाल तर अडचण फीच्या रकमेपेक्षा घड्याळाची जास्त आहे. सगळ्यांना सकाळी सहा ते आठ हवं असतं. त्या दोन तासांत तुम्ही एक वर्ग घेऊ शकता, फार तर एक वर्ग आणि जवळपासची एक शिकवणी. मनीषनगरहून सेमिनरी हिल्सला घरगुती शिकवणी घेतलीत तर जाण्या-येण्यातच तुमचा दुसरा विद्यार्थी गेला. संध्याकाळी पाच ते आठ, तेही तसंच. दुपार रिकामी. म्हणून दुपारच्या तासांसाठी वेगळे लोक शोधावे लागतात: गरोदर बाया (त्यांच्या डॉक्टरांच्या लेखी संमतीने आणि तुम्ही त्याचं वेगळं शिक्षण घेतल्यावरच), विमानतळाजवळच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या कंपन्या, वृद्धाश्रम. कोरोनानंतर ऑनलाइन वर्गही चालतात. माझ्याकडे हैदराबादला सून असलेल्या एक आजी आणि त्यांची सून एकाच वेळी दोन शहरांतून करतात. पण पडद्यावर मला पायाची बोटं दिसत नाहीत, म्हणून नवशिक्यांना मी ऑनलाइन घेत नाही. शाळा एकदम सोडू नका. वर्षभर सकाळचा एक वर्ग घ्या, मग दुपारी अकराला शाळेत जा. तीस दिवसांतले किती दिवस पहाटे उठून जावंसं वाटलं ते वहीत खूण करून ठेवा. गणिताच्या बाई आहात, टक्केवारी तुम्हीच काढा.

मध्यंतरी वर्धा रोडवरच्या एका चकचकीत जिममध्ये मी आठ महिने शिकवलं. पगार चांगला होता. पण तिथे प्रत्येक तासाला किती कॅलरी जळतील हे भिंतीवर लिहायचे आणि शवासन म्हणजे 'वेळ वाया' असं व्यवस्थापकांचं मत होतं. सोडलं. तुम्हाला ते आवडू शकेल, त्यात कमीपणा काही नाही. तरुण मुलांना घाम हवा असतो आणि घामाच्या वाटेनेही काही जण आत येतात.

एक गोष्ट मात्र कधी करू नका, 'यामुळे तुमची शुगरची गोळी सुटेल' असं म्हणू नका. मी असं म्हणणाऱ्या शिक्षकाकडून आलेली बाई बघितली आहे, गोळ्या स्वतःच बंद करून आलेली, चक्कर येत असलेली. पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून कागदावर लिहून घ्या: रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, काचबिंदू, मणक्याचं दुखणं, शस्त्रक्रिया, गर्भारपण. रक्तदाब असेल तर कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, नाही आणि जोराची कपालभाती नाही. काचबिंदू असेल तर डोकं खाली करायचं कुठलंच आसन नाही. साठीच्या बायकांची हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, त्यांना पाठ गोल करून पुढे वाकवायचं नाही. लोक सांगत नाहीत, लाजतात. म्हणून कागद. आणि प्राणायामाची घाई तर अजिबात नको. हठयोगाच्या जुन्या ग्रंथात, हठप्रदीपिकेत, म्हटलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो. ताडोबा आपल्यापासून फार लांब नाही. वाघाला घाई केली तर काय होतं हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

त्याच हठप्रदीपिकेत योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी दिल्या आहेत: अति खाणं, अति श्रम, फार बोलणं, नियमांचा हट्ट, लोकांचा संग आणि चंचलपणा. मला ही यादी वाचून दरवेळी हसू येतं, कारण यातल्या दोन गोष्टी, बोलणं आणि लोकांचा संग, या आपल्या कामाचाच भाग आहेत. (यादीतल्या पहिलीची, अति खाण्याची, सोय वर्ग सुटल्यावर कोपऱ्यावरचा तर्री पोहेवाला करतो. अर्धा वर्ग तिथेच भेटतो, आणि कधीकधी मीही.) यावर माझा उपाय असा की शिकवण्याला मी माझ्या साधनेत धरत नाही. पहाटे वर्गाच्या आधी पंचवीस मिनिटं मी एकटी बसते, खिडकी लावून, घरातल्यांना ठाऊक आहे की तेव्हा दूधवाल्याची घंटी मी ऐकणार नाही. ज्या महिन्यांत हे सुटलं त्या महिन्यांत वर्गात मी लोकांवर खेकसले, दुसरं कारण नव्हतं. मुलीच्या लग्नाच्या वेळी तीन महिने सुटलं होतं, तेव्हाचं तर माझ्या विद्यार्थिनी अजून बोलून दाखवतात.

२१ जूनला, आंतरराष्ट्रीय योगदिनी, तुम्हाला चार ठिकाणांहून बोलावणं येईल. २०१५ पासून दरवर्षी येतं. पंचेचाळीस मिनिटांचा ठरलेला प्रोटोकॉल, म्हणजे आसनं-प्राणायामाचा क्रम, असतो, तो पाठ करून ठेवा, लोकांना पहिल्यांदा चटईवर आणायला तो दिवस चांगला आहे. पण त्या दिवशी आलेल्या शंभरातले किती जण २२ तारखेला आले यावरून खचू नका. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे योगदिनाला शाळाच बंद असते, ही एक गंमत. नवा वर्ग सुरू करायचा तर मी दिवाळीनंतरचा मुहूर्त सांगते. हवा गार झालेली असते, लोकांच्या अंगात फराळ असतो आणि मनात पश्चात्ताप. त्या भांडवलावर वर्ग फेब्रुवारीपर्यंत चालतो, तोवर दहा-बारा माणसं पक्की होतात. त्यांच्या बळावर पहिला उन्हाळा काढायचा.

तोवर आमच्याकडे येऊन बघायचं असेल तर खुशाल या. चटई तुमची आणा, वही आणा. मागच्या रांगेत भिंतीकडे जागा असते. कूलरच्या समोरची तेवढी सोडून बसा, ती काकूंची आहे, त्या शेवटी येतात.